नीलकंठाची हनुवटी

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचा फोटोचा स्टुडिओ होता, तो गृहस्थ कॅमेऱ्यामागे गेला की कोणाचंच ऐकत नसे. मामलेदार असो की नवरदेव, काळ्या कापडातून बाहेर येऊन तो दोन बोटांनी त्याची हनुवटी उचलायचा, मान सरळ करायचा आणि परत कापडात शिरायचा.

फाल्गुन लागला, पळस फुलला, की त्याला पाखरांचं वेड लागे. एका वर्षी कॅमेऱ्याचा लाकडी स्टँड उचलायला त्याने मलाही सोनगीरला नेलं. किल्ल्याखालच्या एका विहिरीच्या खांबावर नीलकंठ येऊन बसायचा. पण ऐन वेळी पाखरू हलायचं आणि काचेची प्लेट वाया जायची. असं करता करता शेवटची प्लेट उरली. तेव्हा कुठे नीलकंठ मान खांद्यात घालून पुतळ्यासारखा बसला. मी श्वास रोखला.

तेवढ्यात हा कापडातून बाहेर आला, चवड्यांवर चालत खांबापाशी गेला आणि त्याने दोन बोटं पुढे केली. नीलकंठ भुर्रकन उडाला.

“अहो, हे काय केलंत?” मी ओरडलो.

“मान वाकडी व्हती ना भाऊ!” तो माझ्यावरच चिडला. “असा फोटू काढतस का कोनी?”

घरी येऊन हे सांगितलं, तर बायकोनं भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं. तो त्यानेच काढलेला. दोघांच्याही हनुवट्या आभाळाकडे.

“आपल्याला पंख नव्हते,” ती म्हणाली, “म्हणून निघाला हा फोटो.”