मागची सीट

आमच्या ह्यांनी जन्मभर टुरिस्ट गाडी चालवली. लोकांना राजवाडे दाखवले, पण स्वतः कायम बाहेर गाडीपाशीच थांबले. ते निवृत्त झाल्यावर लेकीने हट्टाने आम्हाला हिवाळ्यात एका जुन्या शहराच्या सहलीला पाठवलं, गाडी-ड्रायव्हरसकट. हे मागे बसले खरे, पण प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय दाबला जायचा. "अहो, ब्रेक पुढे आहे!" मी वैतागले.

राजवाड्यातलं रंगीत छत बघता बघता हे गायब झाले. बाहेर येऊन बघते, तर स्वारी थंडीत गाडीपाशी उभी! माझं डोकंच फिरलं. "इतक्या लांब येऊन गाडीच राखायची होती?"

"ड्रायव्हरला आत पाठवलंय. इतकी वर्षं येतोय, पण बिचाऱ्याने आतून बघितलाच नव्हता."

परतताना दोन्ही बाजूंना धुक्यातली शेतं होती आणि ड्रायव्हरच्या तोंडी त्या छतावरचे मोर. हे हसून म्हणाले, "लेकीला सांग, फार छान ट्रिप झाली."

"तुम्ही बघितलंत काय डोंबल?"

पुढे मोठं वळण आलं. मी सवयीने ह्यांच्या पायाकडे बघितलं. तो हललाच नाही. हे गाढ झोपले होते.