पहारीला पाणी

लढाई संपली आणि आमचे हे ब्रह्मदेशातून म्हसवडला परत आले. पलटणीत ते वायरलेसवर होते. गावाला काही ते पटेना. "वायरलेस कुठलं, लांगरी आसंल. भाकऱ्या थापत आसंल," असं पारावर रोज चालायचं. मामंजी तिथंच बसलेले असायचे आणि चकार शब्द काढायचे नाहीत. गावाच्या बोलण्याचं यांना काही नव्हतं. बापाचं ते गप्प बसणं मात्र जिव्हारी लागलं होतं.

मग यांनी रेडिओ बनवायचाच, असा हट्ट धरला. पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन व्हॉल्व्ह, बॅटऱ्या आणि एक हेडफोन आणला आणि बिस्किटाच्या डब्यावर सगळं जुळवलं. तांब्याची तार गुंडाळायचं काम माझ्याकडे. सासूबाईंनी हाक मारली की वेढे मोजताना चुकायची आणि पहिल्यापासून सुरुवात. पण खरं सांगते, मला त्या तारेचं वेडच लागलं. चुलीवर दूध उतू गेलं तरी भान नसायचं.

लिंबापासून छपरापर्यंत एरियल ताणली, अर्थिंगसाठी अंगणात लोखंडी पहार ठोकून तिला तार बांधली आणि रविवारी संध्याकाळी यांनी सगळ्या आळीला बोलावलं. रेडिओ काही बोलेना. नुसती खरखर. लोक हसत उठून गेले. मामंजीही उठले. "उद्या मोडूनच टाकतो," हे म्हणाले. मला असा संताप आला! रेडिओचा, गावाचा, मामंजींचा, सगळ्यांचाच.

त्याच तिरमिरीत मी भांडी विसळली आणि पाणी अंगणात भिरकावलं. पडलं ते नेमकं पहारीच्या बुडाशी. हेडफोन अजून यांच्या कानालाच होता. हे ताडकन उठले. "अगं, गाणं! मुंबई लागली!"

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. हे वायरलेस शिकले ब्रह्मदेशात, जिथं पाय ठेवावा तिथं चिखल. आमच्या माण तालुक्याची जमीन दोन हात खोलवर कोरडीठाक. ओल नसेल तर नुसती पहार ठोकून काय होणार? मी भरलेली घागर तिथं उपडी केली. विहीर पाऊण कोसावर, तरी सासूबाई ओरडायच्या विसरल्या! मी अनवाणीच आळीत धावले. "चला, चला, रेडू बोलतुया! येताना तांब्याभर पाणी आणा!"

सगळी आळी तांबे घेऊन लोटली. यांनी हेडफोन पितळी घंगाळात ठेवला आणि गाणं अंगणभर घुमलं. हसणारेच आता "मागं सरा रं" म्हणून एकमेकांना ढकलत होते. मी तर नाचायचीच बाकी होते.

मामंजी सगळ्यांच्या शेवटी आले. घंगाळाशी कान नेऊन बराच वेळ वाकून राहिले. मग यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "पोरा, मीबी लांगरीच समजत हुतो रं तुला."

हे खाली मान घालून पहारीवर पाणी ओतत राहिले. तांब्या केव्हाच रिकामा झाला होता.