माझ्या ताईच्या दिरांचा सिनेमा

सिनेमातल्या नायकाच्या हातचा मार खायला तत्त्वासाठी नकार देणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या ताईचा धाकटा दीर निघाला. ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. ताईच्या दिरांना मात्र तीत हसण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही. मुंबईच्या एका स्टुडिओत त्यांना गुंडांच्या टोळीतलं काम मिळालं होतं. नायकानं बुक्की मारायची आणि यांनी मागच्या गवताच्या गंजीवर जाऊन पडायचं, एवढंच. नायक शिडशिडीत, उन्हाला घाबरणारा. आणि ताईचे दीर म्हणजे हिंगोलीकडच्या गोरेगावच्या काळ्या रानात नांगर धरून वाढलेला गडी. बुक्की बसली, हे उभेच. पुन्हा मारायला लावली, हे पुन्हा उभेच. शेवटी दिग्दर्शक तणतणत जवळ आला, तेव्हा यांनी आपल्या गोरेगावी मराठीत शांतपणे विचारलं, "एवढ्या बारीक माणसाच्या बुक्कीनं मी काहून पडू साहेब? गावाकडचे लोक बी पिक्चर पाहतेत." काम तिथल्या तिथं गेलं. गवताची गंजी तेवढी शाबूत राहिली.

अशी कामं त्यांनी बरीच घालवली. एका सिनेमात ते शेतकऱ्यांच्या घोळक्यात होते. जमीनदाराची मोटार आली की सगळ्यांनी हात जोडून वाकायचं होतं. सगळे वाकले, आणि मधोमध हे एकटे ताठ. त्यांचं म्हणणं असं की, वाकायला त्यांची ना नव्हती. पण आमच्याकडचा माणूस समोर वाकतो आणि घरी येऊन शिव्या देतो. तेव्हा वाकायचा प्रसंग ठेवायचा असेल तर शिव्या द्यायचाही ठेवा, नाहीतर माणूस अर्धाच दिसतो. त्यांना घोळक्यातून बाहेर काढण्यात आलं. एका सिनेमात मात्र ते हवालदार म्हणून शेवटपर्यंत टिकले. तो हिंगोलीला लागला तेव्हा गोरेगावहून जीप भरभरून माणसं आली. हवालदार पडद्यावर क्षणभरच दिसला, आणि नेमक्या त्या क्षणी ताईच्या चुलतसासऱ्यांना शिंक आली आणि त्यांचं तिकीट वाया गेलं.

मुंबईला ते गेले होते तेही धडपणे नाही. भर पेरणीत औत रानात उभं सोडून गेले. बैल आपले आपण घरी आले, तेव्हा कुठं मुलगा गेल्याचं कळलं. त्या दिवसापासून ताईच्या सासऱ्यांनी या मुलाशी बोलणं टाकलं. नव्वदनंतर केव्हातरी हे पिशवी घेऊन परत आले, तरी ते टाकलेलंच राहिलं. म्हातारा मनानं वाईट नव्हता. मुलगा उपाशी राहिलेला त्यांना चालत नसे. फक्त ते भिंतीकडं बघून म्हणायचे, "त्याला म्हनावं, जेवून घे." आणि हे दोन हातांवर बसलेले असूनही ताईकडं बघून म्हणायचे, "त्यांनला म्हनावं, जेवतो." ताई त्या घरात नवी सून म्हणून आली ती या दोघांमधली तार होऊन बसली. तिच्या स्वतःच्या तोंडचा शब्द मात्र कुणी फारसा ऐकला नव्हता. आमच्या घरी धबाधबा बोलणारी माझी बहीण सासरी डोक्यावरचा पदर सावरत सगळ्यांचे निरोप सगळ्यांना पोचवत राहिली.

परत आल्यावर ताईच्या दिरांनी सगळ्या जगाकडंच सिनेमा म्हणून बघायला सुरुवात केली. लग्नात सासरी निघालेल्या नवरीला ते मांडवाबाहेर उजेडात आणून पुन्हा एकदा रडायला सांगत. बांधावरून दोन भावांची जुंपली होती, तिथं हे मध्ये पडले आणि एकाला लिंबाखाली, दुसऱ्याला थोडं अलीकडं उभं केलं, म्हणजे दोघांचीही तोंडं दिसतील. आता आधी कोण बोलणार यावर दोघा भावांचा इतका घोळ झाला की भांडण तिथंच विरलं. आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं की ते स्वतः सिनेमा काढणार. आपल्या बोलीत, आपल्या माणसांचा. मुंबईच्या सिनेमात खेड्यातली माणसं बोलतात तसं कुठल्याच खेड्यात कुणी बोलत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं होतं.

कॅमेरा मिळाला तो हिंगोलीच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा, तोही लग्नाच्या तिथी नसतील तेव्हा. तिथी निघाली की सिनेमा बंद. त्यामुळं हा सिनेमा सुरू झाला परभणी जिल्ह्यात आणि संपला हिंगोली जिल्ह्यात. कॅमेरा गोरेगावच्या शिवाराबाहेर गेला नाही, मधल्या मध्ये जिल्हाच नवा झाला. शूटिंगवाला गडी चांगला होता, पण हाताला लग्नाची सवय. मयताच्या प्रसंगात त्यानं जमलेल्या सगळ्यांना "इकडं बघा, जरा हसा" असं सांगितलं आणि लोक बिचारे हसले. तो प्रसंग सगळा पुन्हा करावा लागला आणि मेलेला माणूस उन्हात पडून पडून कंटाळला.

गोष्ट साधी होती. घरातल्या सुनेनं लहानाची मोठी केलेली गाय सासरा तिला न विचारता विकायला काढतो, आणि सून पहिल्यांदा तोंड उघडते. सुनेच्या कामाला एका नाटकमंडळीतली बाई बोलावली होती. ती आपल्या मावशीला घेऊन सेनगावहून जीपनं आली, गोठ्यात गेली, गाईनं तिला शिंगानं हलकेच बाजूला सारलं, आणि ती परतीच्या जीपनं गेली. गाय ताईची होती. ताईशिवाय कुणाला जवळ येऊ देत नव्हती. दिरांनी पुष्कळ विचार केला आणि ताईसमोर येऊन उभे राहिले. "वैनी, गाईनं नटी निवडली. आता माझ्या हातात काही न्हाई." ताई नको नको म्हणाली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फार कमी बोलणारे. त्यांनी फक्त "गाय तर उभी राहीन तुझ्यापाशी" एवढं म्हटलं आणि ते रानात निघून गेले. ते ताईला होकारासारखं वाटलं.

सासऱ्याच्या कामाला गावातले एक निवृत्त ग्रामसेवक होते. माणूस मुळातच हसतमुख. ते गाय विकायची गोष्टसुद्धा सत्यनारायणाचं आमंत्रण दिल्यासारखी सांगत. ताईचे खरे सासरे ओसरीवरच्या बाजेवर बसून हे रोज बघत होते. बघता बघता त्यांना राहवेना. एक दिवस ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, "सासरा असा असतो का?" आणि कसा असतो ते त्यांनी करून दाखवलं. ग्रामसेवकांनी आनंदानं डोक्यावरचं पागोटं काढून त्यांच्या हातात दिलं. अशा रीतीनं बाप मुलाच्या सिनेमात आला. पण बोलणं अजून बंदच होतं. ताई कॅमेऱ्यासमोर असल्यामुळं तारेचं काम माझ्याकडं आलं. मी हिंगोलीला नोकरीत होतो, सुट्टीला जाऊन तिथंच बसायचो. दीर मला म्हणत, "पाव्हणं, त्यांनला म्हनावं, डावीकडं पाहा." तीन पावलांवरचे सासरे म्हणत, "त्याला म्हनावं, माझा उजवा डोळा अधू हाये, मी डावीकडंच पाहून राहिलो." मी दोन्हीकडं मान हलवायचो.

मग तो प्रसंग आला. सुनेनं म्हणायचं होतं, "मामंजी, ही गाय विकायची न्हाई," आणि सासऱ्यानं म्हणायचं होतं, "तू कोन सांगनारी?" ताईला ते जमेना. शब्द पाठ होते, पण खऱ्या सासऱ्यासमोर उभं राहून वर बघून बोलायचं म्हटलं की आवाजच फुटत नव्हता. सकाळ गेली, दुपार झाली. शूटिंगवाला घड्याळ बघायला लागला. दीर रागावले नाहीत. ते ताईजवळ जाऊन म्हणाले की, वैनी, मी लिहिलेलं राहू द्या, तुमाला जे म्हनावं वाटते ते म्हना, न्हाई वाटलं तर गप उभ्या राहा. आणि मागं जाऊन त्यांनी कॅमेरा सुरू करायची खूण केली.

ताईनं गाईच्या पाठीवर हात ठेवला. मग वर बघून, जराही आवाज न चढवता म्हणाली, "मामंजी, मी या घरात आल्यापासून सगळ्यांचं सगळ्यांना सांगून राहिले. मला काय वाटते, हे एकदा बी कोनी इचारलं न्हाई."

हे कुणी लिहिलेलं नव्हतं. सासऱ्यांचं तोंड उघडलं, आणि "तू कोन सांगनारी" हे त्यातून आलंच नाही. पागोट्याचा सोगा त्यांनी उगाच हातात घेतला आणि सोडला. मग म्हणाले, "इचारायचं राहून गेलं, बाई." कॅमेरा चालूच होता, कारण बंद करा म्हणणारा माणूस बाहीनं डोळे पुसत उभा होता. सासऱ्यांची नजर तिकडं गेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, भिंतीकडंही बघितलं नाही. सरळ मुलाकडं बघून म्हणाले, "बंद कर रे बापू ते आता."

औत सोडून गेल्यानंतर बापानं मुलाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. गाय आपली शेपटी हलवत होती. ते वाक्यही टेपवर राहिलं.

सिनेमा पुरा झाल्यावर पुण्याहून एक गृहस्थ बघायला आले. माणूस सज्जन होता आणि त्यांना सिनेमा मनापासून आवडला. शहरांत दाखवायची सोय करतो म्हणाले. त्यासाठी संवाद शुद्ध भाषेत दुसऱ्या नटांच्या आवाजात भरायचे, मध्ये एक गाणं टाकायचं, आणि गोठ्यातल्या प्रसंगात म्हातारा कॅमेऱ्याकडं बघून बोलतो ती चूक कापायची. घरातले सगळे ताईच्या दिरांकडं बघत होते. एवढ्या वर्षांची धडपड, आणि दार उघडं समोर. पहिल्यांदा मला वाटलं की हे आता वाकतील आणि घरी येऊन शिव्या देतील. पण ते घरातच होते. गाण्याचं बघू म्हणाले. आवाजाचं नाव काढल्यावर नुसती नकाराची मान हलवली. आणि तिसऱ्या गोष्टीला म्हणाले, "तो म्हातारा माझ्याशी बोलला हाये साहेब. ते कापून मी लोकायला काय दाखवू?" गृहस्थांना ताईनं पुरणपोळीचं जेवण वाढलं आणि ते हिंगोलीच्या गाडीला बसले.

मग सिनेमा दाखवला गेला तो ट्रॉलीवर टीव्ही ठेवून, गोरेगावच्या बाजारतळावर, दिवस कलताना. सासरे पहिल्या रांगेत खुर्चीवर. ताई बायकांत, पदराआड. सुरुवातीला आपली माणसं ओळखण्याचा गोंगाट झाला, मयताच्या प्रसंगाला मेलेल्यानं खाली बसून सगळ्यांचे नमस्कार घेतले, पण गोठा आला तेव्हा मागचे लोक उठून पुढं सरकले. "बंद कर रे बापू ते आता" या वाक्याला टीव्हीवाल्यानं घाबरून खरंच बटण दाबलं, आणि लोकांनी ओरडून पुन्हा लावायला लावलं. पुढं तो आसपासच्या गावांत गेला, पार हट्टा गावापर्यंत गेला, तांड्यांवर गेला. एका तांड्यावर बायकांनी गोठ्याचा प्रसंग मागं घेऊन घेऊन इतक्यांदा बघितला की टेप नेमकी तिथंच झिजली. ताईचे दीर ती झीज लोकांना अभिमानानं दाखवायचे.

घरात बदल झाला तो सासऱ्यांमध्ये. त्यांनी ताईला विचारायला सुरुवात केली, आणि मग थांबेचनात. गोऱ्हा ठेवावा की विकावा, हळद आता उकडावी की चार दिवस थांबावं, पाव्हण्यांना पोहे की भाकर, औषध आधी घेऊ की जेवणानंतर. ताई सुरुवातीला संकोचली, मग सांगू लागली, आणि शेवटी वैतागून माझ्याकडं तक्रार करू लागली की मामंजी पायतण घालायच्या आधीसुद्धा विचारतात. मी म्हटलं, सांग त्यांना मग. ती म्हणाली, सांगितलं, तर म्हणाले, बरं केलं सांगितलं.

सासरे पिकल्या वयात, धाकट्या मुलाच्या हातून दूध घेत शांतपणे गेले. त्यानंतर दिरांनी रान बघितलं, दाजींना मदत केली. मधूनच मुंबईहून एखाद्या मालिकेत आजोबाचं काम आलं की जायचे, आणि काहीतरी न पटून आठवड्याच्या आत हजर व्हायचे. दुसऱ्या सिनेमाची गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात तयार होती. त्यातही मुख्य काम ताईचंच होतं. मला त्यांनी ती गोष्ट इतक्यांदा ऐकवली की मलाच ते काम करता आलं असतं.

एकदा ते हिंगोलीला मोंढ्यात हळद विकायला घेऊन आले होते. काम आटोपून माझ्याकडं चहाला आले. मी सिनेमाचं विचारलं. कपातला चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "वैनी न्हाई म्हनल्या."

मी म्हटलं, का?

"मी बी इचारलं, काहून. तं म्हनल्या, मला न्हाई करायचं म्हनून न्हाई करायचं." आणि बशी खाली ठेवून ते मनसोक्त हसले. "तोंडावर सांगितलं, पाव्हणं. भावजी म्हनून भीड न्हाई, दिग्दर्शक म्हनून तं न्हाईच न्हाई."

मी म्हटलं, दुसरी कुणी बघा. ते बघू म्हणाले, पण त्यांनी कुणाला बघितलं नाही, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी त्यांना गोरेगावच्या जीपपर्यंत पोचवायला गेलो. ते कडेच्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर घेतली. जीप भरायची होती. ते रस्त्यावरच्या माणसांकडं बघत होते.

"त्यांचं बराबर हाये," ते म्हणाले. मग जीप सुरू झाली, आणि आवाजात ऐकू यावं म्हणून ते जरा बाहेर वाकले. "पन या खेपेला कॅमेऱ्यासमोर त्या काय म्हनल्या असत्या, ते ऐकायला पायजे होतं."