कोकोच्या पुड्यावर माझा फोटो

आमच्या घरात औषध घ्यायची एक रीत आहे. मायची रक्तदाबाची गोळी असो की फवारणीची बाटली, आधी ती माझ्या हातात येते. वर छापलेलं मी मोठ्यानं वाचतो, मग माय ती फळीवर ठेवते. घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. मायला अक्षर येत नाही, पण "माझ्या लेकानं वाचलंय" एवढं तिला पुरायचं. मला याचा अभिमान होता आणि तो मी कधी लपवला नाही.

लातूरला बी.एस्सी. ॲग्रीला होतो तेव्हा वर्गाची सहल केरळला गेली. घरी हळद काढणीला आलेली, म्हणून मी गेलो नाही. रेणापूरकडचा माझा रूम पार्टनर गेला आणि येताना कोकोची दोन रोपं घेऊन आला. "तू आला न्हाईस, ही घे तुझ्या वाट्याची सहल," म्हणाला. चार वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो.

कोकोला आमच्याकडचं ऊन सोसत नाही. त्याला दुसऱ्या झाडाची सावली आणि दमट हवा लागते. नांदेडजवळच्या आमच्या मळ्यात केळी आहे, तिच्या मधोमध मी रोपं लावली. उन्हाळ्यात भोवती ओली पोती बांधली. तरी एक मेलं. दुसरं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जगवलं. अण्णांनी हयातभर मोसंबी केली. पावसाळ्याच्या तोंडी मोसंबीचं खोड खरवडून त्याला गेरू-चुन्याचा पट्टा मारला की डिंक्या रोग येत नाही. कोकोच्या खोडावर गाठी दिसल्या की ते म्हणायचे, "ह्याला पुटकुळ्या लई येतात," आणि विळ्यानं साफ करून गेरू-चुना लावायचे. झाड एकदम टापटीप दिसायचं. फळ मात्र एकही नाही.

"का रं, ह्याला का लागत न्हाई?" अण्णा दर साली विचारायचे.

"हवामान मानवत न्हाई, अण्णा."

मला माहीत नव्हतं, पण पदवीधर माणसानं तसं म्हणायचं कसं?

पुढं मी नांदेडला मास्तर झालो. पार्टनर आरोग्याच्या पावडरींचे पुडे विकायला लागला. गेल्या वर्षी तो मळ्यात आला, झाडाभोवती फिरला, गेरू-चुन्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "उभा राहा इथं. फोटो काढतो, बायकोला दाखवतो." मायनं त्याला धपाटे आणि दही वाढलं. दोनदा आग्रह केला.

दिवाळीनंतर माय हौदापाशी चक्कर येऊन बसली. अण्णांनी तिला नांदेडला आणलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब लई वाढलाय, गोळी चालू आहे ना? माय म्हणाली, "गोळी कशाला? हे घेते की." आणि पिशवीतून एक पुडा काढला. रेणापूरच्या मावशीनं आणून, वरचं वाचून दाखवून दिलेला.

पुड्यावर मी होतो. हात कोकोच्या खोडावर. खाली छापलेलं: मराठवाड्याच्या मातीतला कोको, कृषी पदवीधराच्या मळ्यातून, रक्तदाब आणि हृदयावर रामबाण, गोळ्यांची गरज नाही.

"गोळी बंद करायला कुणी सांगितलं, माय?"

"तूच की. तुझा फोटू हाय त्याच्यावर. वाचल्याबिगर तू फोटू देशील का?"

कोकोनं रक्तवाहिन्यांना थोडा गुण येतो म्हणतात, त्याच्या लोण्यानं फुटलेल्या टाचा मऊ पडतात. पण तो गोळीची जागा घेत नाही. त्याचं बी कडू असतं. पुड्यातली चिमूट मी जिभेवर ठेवली. निव्वळ साखर.

व्हरांड्यातून पार्टनरला फोन लावला.

"माझ्या झाडाला एक फळ न्हाई, अन् तू माझ्या मळ्यातला कोको विकून राहिला?"

"त्याला लागणारच नव्हतं," तो निवांत म्हणाला. "त्या गाठीतूनच फूल येतं. केरळात माळी आम्हाला खोडाला हात लावू देत नव्हता. तुझे अण्णा दर साली खरवडून वर चुना फासतात."

"मग सांगितलं का न्हाईस? झाडापाशी उभा होतास."

"तुला सांगायची सोय हाय का? तू म्हणणार, मला माहीत हाय."

मी पुड्यावरचा फोटो काढायला सांगितलं. तो "हाव, काढतो" म्हणाला. पुडे अजून तसेच विकले जातात.

घरी येऊन अण्णांना गाठींचं सांगितलं. ते विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "अन् तू इतकी सालं हवामान सांगून राहिला."

माय आता गोळी नेमानं घेते. मागच्या रविवारी नवी पट्टी आली. मी वाचायला हात पुढं केला.

"राहू दे," ती म्हणाली. "दवाखान्याची आशाताई येऊन राहिली. तिच्याकडून वाचून घेते."