काचपेटीची राखण

भर दुपारी अंधाऱ्या माजघराच्या वाशांवर पाण्याचा उजेड थरथरताना तुम्ही कधी पाहिला आहे का? बाहेर ऊन माडांच्या झावळ्यांवर तापत असते, आत सारवलेली जमीन गार असते, आणि छपरातल्या एकुलत्या काचेच्या कौलातून उतरलेली तिरीप कुठल्याशा पाण्यावर पडून वर परतते. मग कोरड्या लाकडावर समुद्र हलू लागतो. त्याबरोबर एक वास येतो, खारा, शेवाळाचा, किंचित कुबट. किनाऱ्यावर हाच वास आपण छाती भरून घेतो. पण घरात, देव्हाऱ्याच्या शेजारी तो आला की अंगावर काटा उभा राहतो. मिठबावला जनाकाकींच्या घरी मी हा उजेड पहिल्यांदा पाहिला, त्याला आता दहा-बारा वर्षे झाली.

मी तेव्हा घरांच्या विम्याचा एजंट होतो. त्याआधी दोन वर्षे शाळेत बदली शिक्षक होतो. ती नोकरी सुटली, पण ‘मास्तर’ ही पदवी मात्र अंगाला चिकटून राहिली. कणकवलीहून एस.टी.ने आणि पुढे पायपीट करीत मी किनाऱ्यावरची गावे पालथी घालीत असे. माणसाचा विमा लोकांना समजे, घराचा समजत नसे. घर कुठे जाते, असे हसून विचारीत आणि पानाचा डबा पुढे करीत. तेव्हा मी एक युक्ती काढली. आपल्याकडे प्रत्येक वाडीला एक राखणदार असतो, अदृश्य, काठी आपटीत शिवेवरून फिरणारा. वर्षातून एकदा त्याच्या झाडाखाली नारळ-कोंबडा ठेवला की घरादाराची काळजी त्याच्याकडे. याला राखण देणे म्हणतात. मी सांगू लागलो, की कंपनी हा मुंबईचा राखणदार आणि विम्याचा हप्ता ही त्याची राखण. लोक हसत आणि सही करीत! राखणदार संकट येऊच देत नाही, कंपनी मात्र संकट येऊन गेल्यावर उगवते, हा जमीन-अस्मानाचा फरक मला माहीत होता आणि त्यांना नव्हता. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा बेहद्द खूश होतो.

जनाकाकींना ही उपमा एका दमात पटली. त्यांचे यजमान गलबताचे तांडेल. एका फेरीला गेले ते परतलेच नाहीत, आणि काकींनी बारा वर्षे कुंकू लावून वाट पाहिली. एकुलता मुलगा शांताराम, तोही मुंबईहून परदेशी जाणाऱ्या बोटीवर लागला. शेवटच्या रजेत त्याने आईच्या करमणुकीसाठी मुंबईहून लोखंडी चौकटीची एक काचेची पेटी आणली, आणि निघायच्या दिवशी ओहोटीला खडकांतल्या डबक्यातून एक मासा धरून तिच्यात सोडला. बोटभर लांब, पिवळा, अंगावर काळे पट्टे, शेपटीला एक छोटीशी खाच. पहिले वर्षभर पत्रे आली, मग थांबली. काकी रोज सकाळी दोन कळश्या समुद्राचे पाणी आणून पेटीतले पाणी बदलीत. मासा भातशिताला तोंड लावी, त्यांच्या बोटाशी येई, आणि उरलेला सारा दिवस पश्चिमेच्या भिंतीकडे, म्हणजे समुद्राकडे, तोंड करून स्थिर राही. मुलाला त्या झील म्हणत, आणि सांगत, “तो खाता म्हंजे माजो झील जेवलो.”

त्यांनी मला सरळ सांगितले, की घर जळले तरी चालेल, पण राखण या पेटीला हवी. कंपनीचा कागद मी वाचलेला होता. पेटी त्यात बसत होती, काच बसत होती, सांडलेल्या पाण्याने भिजलेली गादीसुद्धा बसत होती. बारीक अक्षरांत फक्त जिवंत प्राणी वगळले होते. केवढी गंमत आहे पाहा! ज्याच्यासाठी पेटी आहे, ज्याच्यासाठी पाणी आहे, तेवढेच सोडून बाकी सगळ्याला संरक्षण. पण विम्याचे तरी काय चुकले? जे पुन्हा तसेच करून देता येते, त्याचीच हमी माणूस माणसाला देऊ शकतो. हे मी त्यांना सांगायला हवे होते. काकींनी सही करण्याआधी कागदावर हात ठेवला आणि विचारले, “सगळां ह्याच्यात इला मां?” मी म्हणालो, “आलं, काकी.” हप्त्याबरोबर त्यांनी एक नारळही माझ्या हातावर ठेवला, कारण नारळाशिवाय राखण कसली?

त्यानंतरच्या कार्तिकात मोठे वादळ झाले. रात्रभर माड मोडत होते. मी त्या वेळी मिठबावातच एका स्नेह्याकडे अडकलो होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर घरे पाहत निघालो. जनाकाकींचे दार नुसते लोटलेले होते. शेजारून कळले, की पेटी शाबूत असल्याचे पाहून त्या सकाळीच देवीकडे कौल लावायला गेल्या आहेत, मुलगा जिवंत आहे की नाही ते विचारायला. मी आत पाऊल टाकले आणि वाशांवरचा उजेड नाहीसा झालेला दिसला. वादळात टिकलेली पेटी वादळ निवळल्यावर फुटली होती! सैल झालेले एक कौल वरून सुटून नेमके तिच्यावर आले होते. जमिनीवर पाणी पसरले होते आणि देव्हाऱ्यापाशी मासा तडफडत होता.

मी कणकवलीचा, समुद्रापासून दूर वाढलेला माणूस. मासा पाण्यात जगतो, एवढेच माझे ज्ञान. मी त्याला झटकन उचलले आणि कोपऱ्यातल्या भरल्या कळशीत सोडले. ते विहिरीचे गोडे पाणी होते. माझ्या डोळ्यांदेखत तो एकदा गोल फिरला, आडवा झाला आणि हळूहळू वर आला. जमिनीवर कदाचित तो आणखी थोडा वेळ तगला असता. त्याला मारले मी. पुढचा तासभर मी काय केले ते आठवले की अजून लाज वाटते. मेलेला मासा माडाच्या मुळाशी पुरला, ओहोटी लागलेल्या खडकांत धावलो, पंच्याने डबकी ढवळून तसाच पिवळा, तसाच पट्ट्यांचा मासा धरला, खाऱ्या पाण्याची कळशी भरून आणली, आणि मग, त्याला मुठीत धरून, माझ्या नखाने त्याच्या शेपटीला खाच पाडली.

काकी आल्या त्या आनंदाने फुललेल्या. देवीने उजवा कौल दिला होता, मुलगा जिवंत होता, येणार होता. पेटी फुटली पण मासा वाचला, असे मी सांगताच त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाल्या, “राखण पावली, मास्तरांनू.” त्यांना नवी काच कंपनीने दिली. मासा मी दिला, हे मात्र कुठल्याच कागदावर आले नाही. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा काकी पेटीसमोर बसल्या होत्या. मासा पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून होता. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “दिसता तसोच, पण माका वळखणा नाय.” घाबरला असेल, असे काहीतरी पुटपुटून मी बाहेर पडलो.

दोन वर्षांनी शांताराम खरोखरच परत आला. परमुलुखातल्या इस्पितळात लांबलेले दुखणे, हरवलेले कागद, अशी त्याची कर्मकहाणी होती. तो वाळला होता, पण गावाने त्याला लांबूनच ओळखले. मीही पेढे घेऊन गेलो, आणि खरे सांगतो, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. मुलगाच आला, आता माशाला कोण विचारतो? पण काकी मला परसात घेऊन गेल्या. त्यांनी सांगितले, की घरात शिरल्या शिरल्या शांताराम पेटीपाशी गेला, बराच वेळ वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, “आये, हो माजो मासो न्हय.” ज्याने स्वतःच्या हाताने मासा धरला, तो असे म्हणेल? काकींनी निकाल देऊन टाकला होता. समुद्राने आपल्याला बदली माणूस दिला आहे, तसाच, पण तो नव्हे! अंगावरची लहानपणची एखादी खूण तरी पाहिलीत का, असे मी विचारले. त्या माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाल्या, “खूण काय, कोणय करीत.” मी नकळत माझे हात पाठीमागे नेले.

तुमच्या लक्षात आलेच असेल. हा तो मासा नव्हेच, हे साऱ्या गावात एकट्या त्यानेच ओळखले, म्हणजे तोच खरा शांताराम होता. आणि ही साक्ष देऊ शकणारा जगात एकच माणूस होता. एक वाक्य पुरेसे होते. पण ओसरीवर तो बसला होता, समुद्राकडे पाठ करून, आणि मला वाटले, आत्ता नको, पुढच्या आठवड्यात निवांत सांगू. भित्र्या माणसाला पुढचा आठवडा नेहमीच सोयीचा असतो.

मी पंधरा दिवसांनी गेलो. शांताराम निघून गेला होता. त्याने छपराची कौले चाळून दिली, आईला हाका मारल्या, आणि ती आपल्याला पाहुण्यासारखे पाट मांडून वाढते, माजघरात झोपू देत नाही, हे काही दिवस सोसून एका सकाळी मुंबईची वाट धरली. मी सगळे सांगायचे म्हणून तोंड उघडले, तोच काकींनी मला दंडाला धरून आत नेले. वाशांवर उजेड हलत होता. मासा पश्चिमेकडे तोंड करून थांबला होता. त्यांनी पाण्यात बोट घातले आणि तो सावकाश वळून त्या बोटाशी आला. माझ्या नखाची खाच मला स्पष्ट दिसली. “तो माणूस गेलो त्या दिसापासून मासो असोच आसा,” काकी म्हणाल्या. “माजो झील अजून दर्यार आसा. येतलो.” इतका निवलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी कोनाड्यातून नारळ काढून माझ्या हातावर ठेवला, वरून आपला हात ठेवला आणि विचारले, “सगळां ह्याच्यात इला मां?”

मी म्हणालो, “आलं, काकी.”

शांतारामला मी पत्र लिहिले, त्यात काहीही लपवले नाही. ते महिन्याभराने पत्त्यावर कोणी नाही असा शेरा घेऊन परत आले. विम्याचे काम मी सोडले, काकींचा तो कागदही केव्हाच बाद झाला. तरी दरवर्षी कार्तिकात कुणी ना कुणी मिठबावहून येतो आणि जनाकाकींचा नारळ माझ्या ओट्यावर ठेवून जातो. तो मला फोडवत नाही. माळ्यावर त्यांची एक रांग झाली आहे. पहिला नारळ इतका जुना, की त्यातले पाणी कधीच आटायला हवे होते. पण दुपारी घरात सामसूम असते तेव्हा मी तो काढून कानाशी हलवतो, आणि आत पाणी हलते. समुद्र इथून कितीतरी दूर आहे, आमच्या छपराला काचेचे कौलही नाही. तरी अशा वेळी मी वर वाशांकडे पाहत नाही.