झुंबर मिस्त्रीचं जाड तेल

शिरपूरला भाच्याचं लग्न उरकून झुंबर मिस्त्री सिल्वासाला परतला. गलोंड्याच्या रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजचं शटर उचलण्याआधी त्यानं सवयीनं समोर पाहिलं. समोर म्हणजे ललितच्या गॅरेजकडे. तिथे लिफ्टवर वसंत सरांची पांढरी मारुती चढलेली होती.

झुंबरच्या अंगाचा तिळपापड झाला. इतर कोणी गेलं असतं तर शिवी हासडून तो कामाला लागला असता. पण सर? आणि तेही लिफ्टवर! इथे हा वीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर सरपटतोय आणि तिथे गाडीच वर जाऊन बसते.

ललितचं सगळंच त्याला खुपायचं. वापीच्या शोरूममध्ये चार वर्षं काढून आलेलं तिशीचं पोरगं. फरशी अशी की पंगत बसवावी, गिऱ्हाइकाला गादीची खुर्ची. आणि हात स्वच्छ! मिस्त्रीचे हात कधी स्वच्छ असतात का? बायको मंजुळाबाई वैतागून म्हणायची, "दिनभर तिकडेच काय देखी ऱ्हायनात? आपलं काम करा ना." झुंबर मान हलवायचा आणि पुन्हा तिकडेच पाहायचा.

वसंत सर मूळचे चिपळूणचे, इथल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. दीड वर्षापूर्वी त्यांची अठ्ठ्याण्णव सालची मारुती धूर ओकायला लागली, तेव्हा झुंबरनं अकरा दिवस खपून तिचं इंजिन पार उघडलं. बोअर करून आणलं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं नवं घातलं. एकेक फट हातानं तपासली. असं काम त्याच्या हातून आयुष्यात एकदाच झालं होतं आणि त्याला ते ठाऊक होतं. म्हणूनच आज जिवाला लागलं. गाडी सरांची असेल, इंजिन झुंबरचं होतं.

संध्याकाळी न बोलावताच तो सरांच्या दारात हजर झाला. बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी ओढली आणि थेंब बोटांत चोळून पाहिला.

"सर, काय टाकलं त्यानं?"

"दहा-तीस म्हणाला, पातळ तेल. तुम्ही गावाला होतात, झुंबरभाऊ, आणि आम्हाला शनिवारी चिपळूणला निघायचंय."

"हे तेल शे का पाणी? इतकी जुनी गाडी, सर! घाटात तापली का बेअरिंग जाईन. वहिनींना घेऊन रस्त्यावर बसाल मग."

झुंबरचा आयुष्यभराचा एकच मंत्र होता: जुनी गाडी, जाड तेल. इंजिन झिजलं की आत फटी वाढतात, पातळ तेल तिथून निसटतं. जाड तेल टिकून राहतं. इथल्या सूत कारखान्यात जनरेटरवर इंजिन शिकताना तिथल्या उस्तादानं त्याला हे सांगितलं होतं. तेव्हापासून दहा वर्षांपुढची गाडी दिसली की झुंबर वीस-पन्नासचा, म्हणजे जाड तेलाचा, डबा फोडायचा. या मारुतीतही त्यानं दीड वर्ष तेच ओतलं होतं.

"पण ललितचं म्हणणं असं की," सरांनी सुरुवात केली. झुंबरनं 'ललित' एवढंच ऐकलं आणि पुढचं ऐकायचं सोडून दिलं. तेवढ्यात प्रमिलावहिनी घाबरून दारात आल्या. "अहो, ते एवढं सांगताहेत तर ऐका ना. घाटात कुठे शोधणार मिस्त्री?"

दुसऱ्या दिवशी झुंबरनं गाडी मुद्दाम रस्त्याच्या कडेला, अगदी ललितच्या डोळ्यांसमोर लावली. एका दिवसाचं तेल, अजून मधासारखं स्वच्छ. ते त्यानं काळ्या तेलाच्या पिंपात सोडलं आणि वीस-पन्नास भरलं. समोरून ललित पाहत होता. पाहू दे मेल्याला! त्या दिवशी झुंबरला जेवण गोड लागलं.

पुढच्या सकाळी सरांचा फोन आला, आवाज येतोय म्हणून. जानेवारीतली थंडी होती. झुंबर पोचला तेव्हा सरांनी गाडी बंद करून ठेवली होती. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन कण्हतच उठलं आणि तेल वर पोचेपर्यंत वरचे टॅपेट टकटक वाजत राहिले.

"हा तर रोजचाच आवाज, सर. जुनी गाडी सकाळी खोकणारच."

"रोजचाच होता," सर शांतपणे म्हणाले. "काल सकाळी नव्हता."

झुंबरनं कान इंजिनाकडे लावला.

"परवा तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. ललितनं मीटर लावून तेलाचं प्रेशर पाहिलं, ते नव्या गाडीइतकं निघालं. मला विचारलं, हे इंजिन कोणी बांधलंय? म्हणाला, वापीत एवढे मिस्त्री पाहिले, असा हात पाहिला नाही. जाड तेल झिजलेल्या इंजिनाला लागतं, याला पातळच हवं, गार असतानाही झटकन वर चढणारं. मी तुमचं नाव सांगितलं तर म्हणाला, काकांना भेटायची फार इच्छा आहे, पण ते असे बघतात की हिंमतच होत नाही."

झुंबर बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. त्यानं गाडीचं वय बघून तेल ठरवलं होतं. इंजिनाचं वय दीड वर्षं, आणि ते बांधणारा तोच! स्वतःच्या नेमक्या कामात तो दीड वर्ष झिजलेल्या इंजिनाचं औषध ओतत होता.

कौतुक ऐकून माणसाला बरं वाटतं म्हणतात. झुंबर उलट आणखीच जळाला. लिफ्टचा हेवा परवडला, खुर्चीचाही परवडला. पण आपलं काम आपल्याआधी त्या पोराला कळावं, हे त्याला सोसवेना. आणि शनिवार तर उद्यावर आला होता.

त्याच्याकडे दहा-तीसचा डबा नव्हता. बाजारात चार दुकानांत मिळाला असता, झुंबर निघालाही होता तिकडेच. मग वळला आणि रस्ता ओलांडून ललितच्या फरशीवर जाऊन उभा राहिला.

ललित धडपडत उठला. "आवो काका, बेसो," म्हणत त्यानं खुर्ची पुढे केली. झुंबर बसला नाही.

"दहा-तीस दे. तीन लिटर. सरांच्या गाडीला."

ललितचा चेहरा उतरला. "काल तुम्ही काढताना पाहिलं मी. काका, माझं काय चुकलं?"



"तुझं काही नही चुकलं, पोरा," झुंबर म्हणाला. "माझ्या पोटात दुखलं."