पश्चिमेची ताटी

आमच्या अंगणात आंघोळीचं पाणी तापवायची चूल आहे आणि तिच्या पश्चिमेला तुराटीची ताटी. तुरी सोंगून मळून झाल्या की त्यांच्या काड्या उरतात, त्या तुराट्या. त्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्या घालायच्या, दोरीनं आवळायच्या. झाली ताटी. आमच्या डोणगावात अजून पुष्कळांच्या अंगणात दिसते. घरात गॅस आहे हो, पण आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणाऱ्या बाया मला अजून ऐटबाज वाटतात.

ही ताटी आमचे मालक बांधतात. ते जहाजावर खलाशी आहेत. आमच्याकडे हे सांगायची पंचाईत. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्यानं विचारलं होतं, "जहाज म्हंजे हवेतलं का पान्यातलं?" पाण्यातलं म्हटल्यावर ती उठून आत गेली. नंतर आईला म्हणाली, पोरगी विहिरीत का लोटून राह्यली वं?

विहिरीत नाही लोटलं. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त तो घरी नसतो.

एकदा सुटीवर असताना ते चुलीपाशी दगडावर बसले होते. वारा सुटला होता, पण ताटीमुळे जाळ हलत नव्हता. मला म्हणाले, "समुद्रावर या जागेले ली म्हनतात."

"कोन्त्या जागेले?"

"तू बसली ना, त्या. ताटीच्या अल्याड. जिथी वारा लागत नाही ते."

मी हसले. "अन् एवढ्या मोठ्या समुद्रात ताटी कोनं बांधून ठेवली?"

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. कधी बेट आड येतं, कधी डोंगर. काहीच नसलं तर जहाजच आड होतं. बंदर जवळ आलं की वाट दाखवणारा माणूस लहान होडीतून येतो. लाटांत होडी आपटायची भीती. मग मोठं जहाज आपली वाट सोडून वाऱ्याला आडवं होतं, सगळा वारा एका कुशीवर घेतं, आणि दुसऱ्या कुशीला तेवढं पाणी निवांत होतं. तिथं होडी लागते, माणूस शिडीनं वर चढतो.

"मंग?"

"मंग काय? मानूस चढला का जहाज आपल्या रस्त्यानं."

"अन् होडी?"

"होडी जाते वापस."

त्यांना ते साधं वाटलं. मला नाही वाटलं. जहाज पुढं गेलं की तो आडोसाही त्याच्याबरोबर गेला, होडी पुन्हा वाऱ्यात. बाई गं, म्हटलं, हे तर आपलंच चाललंय.

त्यांच्या जहाजावर एक म्हातारा अधिकारी होता, त्याला शब्दांचा भारी नाद. त्यानं सांगितलं होतं की हा ‘ली’ शब्द उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या जुन्या माणसांचा. आधी त्याचा अर्थ नुसता आसरा, निवारा, जमिनीवरचाच. पुढं दर्यावर्दी लोकांनी तो बोटीवर नेला. आणि कोमट या अर्थाचा एक शब्द त्याचाच भाऊबंद आहे, असं काही जाणकार म्हणतात. हे मला लगेच पटलं. थंडीत ताटीआड बसून कोमट पाण्यात हात घालणाऱ्या बाईला त्यासाठी पुस्तक लागत नाही.

पण त्या ताटीचा मला राग यायचा, तोही सांगते. ते दिवाळीच्या आसपास यायचे आणि तुरी निघाल्या की जायचे. जाण्याआधी ताटी बांधायची, हा त्यांचा नेम. कंपनीचा फोन आला हे ते तोंडानं कधी सांगत नसत. अंगणात तुराट्या पसरल्या की मी समजायचे. आत जाऊन भांडी आपटायचे. मला एवढंच पाहिजे होतं, की एका वर्षी या माणसानं ताटी न बांधता घरात राहावं.

यंदा तुरी निघाल्या आणि त्यांनी तुराट्यांना हात लावला नाही. मी मनातल्या मनात मांडे खायला लागले. त्यात एका सकाळी ट्रॅक्टर आला आणि अंगणात विटा टाकून गेला. ताटीच्या जागी पक्की भिंत! आता राहतात म्हटलं. भिंत बांधायला मिस्त्री आला, त्याला चहा दिला, त्यात दूध जास्तीचं घातलं.

मालक खुशीत म्हणाले, "आता दरसालची कटकट गेली. मी आलो काय, नाही आलो काय, तुले धूर लागनार नाही."

माझ्या हातातली कपबशी तिथंच थांबली. म्हणजे ही भिंत राहण्याची नव्हती, आणखी लांब राहण्याची होती. मी मिस्त्रीला म्हटलं, "भाऊ, चहा प्या अन् घरी जा."

"काऊन वं? डोकं फिरलं का तुह्यं?" मालक म्हणाले.

"हाव, फिरलं. मले भिंत नोको. ताटी पावसात सडते म्हनून तुमी दरसाल बांधायले येता. भिंत झाल्यावर कायले येसान?"

शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. बघू दे. इतकी वर्षं मी शहाण्या बाईसारखी "जा, सुखानं जा" म्हणत आले होते. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "जाऊ नोका."

त्यांनी मिस्त्रीला जायची खूण केली. पण कंपनीला होकार देऊन झाला होता. "ही शेवटची खेप," म्हणाले. त्यांच्या शेवटच्या खेपा मला पाठ आहेत. मग मुकाट्यानं त्यांनी तुराट्या ओढल्या आणि ताटी बांधली. मी मेहकरच्या स्टँडवर सोडायला गेले.

आता आषाढाच्या वाऱ्यानं ताटी आडवी झाली आहे. काकू रोज म्हणतात, पत्रा ठोक. मी ठोकत नाही. विटांच्या ढिगावर कोंबड्या बसतात.

काल त्यांचा फोन आला. दर वेळेसारखं विचारलं, "ताटी हाये ना?" मी नेहमी म्हणायचे, हाये, तुमी काळजी करू नोका. काल म्हटलं, "पडली."

"मंग पत्रा लाव."

"नाही लावत."

"अन् धूर?"

"डोयात जाते."

मग ते हळूच म्हणाले, "कायमचा येऊ का?" इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"या," मी म्हटलं.

"तुराट्या हायेत का ठेवेल?"

"हायेत."

"कोनाले बांधू देऊ नोको."

तुराट्यांची मोळी गुरांच्या कोठ्यात होती, कोरडी. आज सकाळी ती काढून न्हाणीपाशी, छपराखाली आणून ठेवली. काकू म्हणाल्या, "अवं, जाळाले दे ना त्यातल्या दोन." एरवी मी त्यांना कशाला नाही म्हणत नाही.

पण आज म्हटलं, हात लावू नोका.